फटफटीच्या टाकीतला गंज

मध्य प्रांताच्या जुन्या गॅझेटियरांत लोधीखेड्याच्या वाट्याला चार-दोन ओळीच आल्या आहेत. पण तेवढ्यातही गावच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचा उल्लेख सुटलेला नाही. सौंसर तालुक्यातले हे गाव तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यात होते. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेले. भांड्यांच्या गावात एक ज्ञान घरोघर असते: धातूवर नवा थर चढवायचा तर आधी जुना मळ आम्लाने उतरवावा लागतो. तांब्याला चिंच चोळायची ती त्याचसाठी. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकतो, तेव्हा उष्णतेने त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. धातूवरचा काळपट थर निघून जातो आणि मगच कथील पसरते. भांडे नीट साफ नसेल तर कथिलाचे गोळे होऊन घरंगळतात.

जुन्या मोटरसायकलची टाकी गंजमुक्त करण्याचा क्रम याहून वेगळा नाही. फरक एवढाच, की भांड्यात हात घालता येतो, टाकीत येत नाही.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. बाजार मात्र नागपूरचाच. त्याच सुमारास देशी फटफट्या रस्त्यावर येऊ लागल्या. 1955 मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट मद्रासजवळ तयार होऊ लागली. पाठोपाठ साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरची जावा आली आणि पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली एस्कॉर्ट्सची राजदूतही आली. खेड्यापाड्यांत चालली ती राजदूत, कारण दुधाचे कॅन लटकवून कच्च्या रस्त्याने जायला ती कुरकुर करत नसे.

परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी सहज मिळत नसे. टाकीला भोक पडले म्हणून टाकी बदलायची, ही चैन कुणाला परवडणार? मिस्त्री ती झाळून द्यायचा. शहाणा मिस्त्री झाळण्याआधी टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरायचा, कारण रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा कितीतरी घातक असते. आतला खवला सुटावा म्हणून टाकीत बारीक गिट्टी, नट किंवा साखळीचा तुकडा टाकून ती मनसोक्त हलवायची. उपाय रांगडा होता, पण टाकीचा पत्रा जाड असल्याने तो खपून जाई.

गंज मुळात येतो पाण्यातून. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री थंड होते. तिच्यात शिरलेल्या दमट हवेतले पाणी पत्र्यावर धरते आणि पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसते. म्हणून भोके पडतात ती बहुधा खालच्या शिवणीला. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ते कॉकच्या जाळीत आणि तिथून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकले, की चढावर गाडी ‘मिसिंग’ करू लागते.

या बाबतीत राजदूत आणि जावा नशीबवान होत्या. टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे आणि त्या तेलाचा पातळ पापुद्रा टाकीच्या आतही राहत असे. धूर फार निघायचा, पण पत्रा वाचायचा. 1985 मध्ये हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली. पुढे अशा गाड्यांनी बाजार व्यापला आणि पेट्रोल कोरडेच ओतले जाऊ लागले.

गंज काढण्याच्या रीतीही बदलल्या. फरशी धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल झटपट काम करते, पण गंज संपल्यावर ते लोखंड खाऊ लागते. फॉस्फरिक आम्ल त्यामानाने समंजस. ते गंजाचे फॉस्फेट करते आणि तोच थर काही काळ पत्र्याचे रक्षण करतो. कोलामध्ये ते नाममात्र असते, त्यामुळे टाकीत कोला ओतणाऱ्याचे पैसेच जास्त जातात. संत्र्यांच्या या पट्ट्यात किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, त्याहून कामाचे. गरम पाण्यात कालवून टाकीत भरले, की रात्रभरात बराच गंज उतरतो. खरी परीक्षा पुढे असते. सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून टाकी लगेच वाळवली नाही, तर उघडा पडलेला पत्रा बघता बघता पुन्हा लालसर होतो.

आता पेट्रोलच बदलले आहे. 2001 मध्ये इथेनॉल मिश्रणाचे प्रयोग झाले, त्यांतली दोन ठिकाणे महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. 2022 मध्ये देशाने सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि 2023 च्या फेब्रुवारीत वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. ऊस उत्पादकाला याचा फायदा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण इथेनॉल हवेतले पाणी ओढते. थोडे पाणी ते पोटात ठेवते, प्रमाण वाढले की पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी उतरते. रोज धावणाऱ्या गाडीला याची झळ फारशी लागत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची बुलेट वा येझदी हौसेने ठेवून महिन्यातून एकदा चालवणाऱ्याला मात्र लागते.

त्यातून एक नवेच काम मेकॅनिकच्या गळ्यात पडले आहे. पूर्वी गंज काढून टाकीत आतून लेप दिला जायचा. त्यातले काही जुने लेप इथेनॉलमध्ये मऊ पडतात आणि चिकट पट्ट्यांसारखे सुटून कॉक बंद करतात. अशा टाकीत आम्ल ओतून उपयोग नसतो, कारण ते गंजापर्यंत पोहोचतच नाही. आधी मागच्या दुरुस्तीचा लेप विरघळवून खरवडायचा, गंजाची पाळी त्यानंतर.