गुण गोखरूचा की शहाळ्याचा?

साल 1943. तुम्ही अलिबागच्या एका वाडीत ओटीवर बसला आहात. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबाच आहे. रायगड व्हायला 1981 उजाडायचंय. दमट हवेनं सदरा पाठीला चिकटलाय. वैद्यबुवा खलबत्त्यात गोखरूची काटेरी फळं भरड कुटताहेत.

“चरकांनी लघवी मोकळी करणाऱ्या दहा औषधांत हे घेतलंय,” ते सांगतात. चार तोळे भरड, सोळापट पाणी. आठवा हिस्सा उरेपर्यंत तुम्ही चुलीपाशी थांबता. भांड्यात उरतो आठ तोळे काढा, म्हणजे नव्वदेक मिली.

पाय सुजलेले आजोबा तो पितात. सूनबाई लगेच शहाळं पुढं करते. संध्याकाळी आजोबा म्हणतात, “बुवा, चारदा जाऊन आलो!”

घर सुखावतं. तुम्ही मात्र अडता. एवढ्याशा काढ्यात पाणी ते किती, पण शहाळ्यात पेलाभर पाणी, वर पोटॅशियम. शिवाय वैशाखात बरंचसं पाणी घामावाटेच गेलं असतं. मला वैद्यबुवांचं निरीक्षण मोलाचं वाटतं. पण त्या अंगणात काढा न घेतलेला, नुसतं शहाळं प्यालेला दुसरा माणूस नाही, आणि त्याच्यावाचून उत्तर मिळत नाही.

हा दुसरा माणूस प्रयोगशाळेत सापडतो. याच 1943 मध्ये संशोधक लिपशिट्झ आणि सहकारी लघवी वाढवणारी औषधं उंदरांवर मोजण्याची रीत प्रसिद्ध करतात. ती पुढं रुळलेल्या रूपात पाहायला 2003 च्या आसपास या. रात्रभर उपाशी ठेवलेले पांढरे उंदीर. सगळ्यांना वजनाप्रमाणे सारखंच मिठाचं पाणी. एका गटाला त्यासोबत अर्क, एकाला ओळखीचं औषध, एकाला आणखी काहीच नाही. पिंजऱ्याखालच्या नळीत पुढचे काही तास लघवी जमते. मग तिच्यातलं सोडियम, पोटॅशियम मोजायचं.

गोखरूच्या फळा-पानांचा पाण्यातला अर्क 2003 च्या अशा एका अभ्यासात खरा उतरला: लघवी फ्युरोसेमाइड या ओळखीच्या औषधापेक्षाही किंचित जास्त. तुमचा हात टाळीसाठी उठतो, तोच मात्रा दिसते: किलोमागे 5 ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला थेट हिशेबानं 300 ग्रॅम; शरीराच्या पृष्ठभागावरून काढलं तरी पन्नासेक ग्रॅम अर्क. आजोबांच्या पेल्यात चार तोळे भरडीतून उतरलं तेवढंच होतं. आणि त्यांच्या सुजेचं मूळ थकलेल्या मूत्रपिंडात असेल, तर आधी रक्तातलं पोटॅशियम तपासायला हवं, मग काढा आणि शहाळं, दोन्हींचं ठरवायचं.