बालसाक्षीदार आणि न्यायासन

लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतो तेव्हा तेथे तिसरे माणूस बहुधा नसतेच. गुन्हा करणारा एक, सोसणारे एक. आणि सोसणाऱ्याचे वय सात, आठ, दहा. अशा मुलाच्या शब्दाला न्यायालयाने किती वजन द्यावे? या प्रश्नाचा इतिहास आपण आज थोडक्यात पाहू. तो जितका वकिलांचा, तितकाच आईबापांचाही आहे.

आरंभ इंग्लंडपासून करावा लागतो. कारण आपला पुराव्याचा कायदा तेथील परंपरेतून आला. सतराव्या शतकातील न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७३६ मध्ये प्रसिद्ध झाला. बलात्काराचा आरोप करणे सोपे, सिद्ध करणे अवघड आणि निरपराध माणसाला तो खोडून काढणे त्याहून अवघड, असा इशारा त्यांनी त्यात दिला होता. पुढे पिढ्यान्‌पिढ्या तो ज्यूरीच्या कानांवर पडत राहिला.

१७७९ मध्ये रेडिंग येथे सात वर्षांखालील एका मुलीवरील अत्याचाराच्या प्रयत्नाबद्दल एका शिपायावर खटला चालला. मुलीने घरी येताच आईला सारे सांगितले होते. न्यायालयात मात्र मुलीला उभे केलेच नाही. तिचे म्हणणे आईने आणि दुसऱ्या एका स्त्रीने सांगितले. प्रकरण बारा न्यायाधीशांपुढे गेले. त्यांनी ठरवले की, शपथेवाचून साक्ष नाही. पण शपथेला वयाची अटही नाही. शपथेचे गांभीर्य मुलाला कळते की नाही, एवढेच पाहावे. जिची साक्ष घ्यायची तिलाच विचारले नव्हते, म्हणून आरोपीला माफी मिळाली. मुलांसाठी दार किलकिले झाले खरे, पण उंबरठा शपथेचा राहिला. खोटे बोलण्याचे पाप ज्याला समजावून सांगता येत नसे, ते मूल मुकेच राहत असे.

हिंदुस्थानात १८७२ साली पुराव्याचा कायदा झाला. त्याचा मसुदा करणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी कसोटी बदलली. प्रश्न समजतो का आणि त्याचे समंजस उत्तर देता येते का, एवढेच कलम ११८ विचारते. एखादी गोष्ट शाबीत करण्यास अमुक इतके साक्षीदार हवेत असे नाही, हे कलम १३४ सांगते. ही तत्त्वे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहेत.

परंतु कायदा बदलला तरी न्यायाधीशांची सवय लगेच बदलत नाही. राजस्थानातील आठ वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात सत्र न्यायाधीशांची मनातून खात्री पटली होती. तरीही दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा कायद्याने आवश्यकच आहे, असे मानून त्यांनी आरोपीला सोडले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे डिसेंबर १९५१ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला. हे त्यापूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी सांगितले की, शपथ दिली नाही म्हणून साक्ष बाद होत नाही. दुजोरा शोधणे हा सावधगिरीचा नियम आहे, कायद्याची सक्ती नव्हे. मात्र ती सावधगिरी न्यायाधीशाच्या मनात जागी असली पाहिजे. मुलीने घटनेनंतर काही तासांनी आईला सांगितलेली हकीकत हाही दुजोराच. आणि आई म्हणून आईची साक्ष परकी ठरत नाही. रेडिंगच्या आईचे शब्द वाया गेले होते. येथे मुलगी स्वतः बोलली, म्हणून आईच्या शब्दालाही मोल आले.

१९८३ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती एम. पी. ठक्कर यांनी, दुजोऱ्याचा सरसकट आग्रह म्हणजे जखमेवर अपमानाची भर, अशा आशयाचे मत दिले. २००४ मध्ये पीडित मुलाला आरोपीचे तोंड दिसू नये म्हणून पडद्याची सोय करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. २०१२ च्या बालक लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे पोक्सोने, उलटतपासणीचे प्रश्नही वकिलाने नव्हे, न्यायाधीशाने मुलाला विचारावेत असे ठरवले. या कायद्याखालील गंभीर गुन्ह्यांत आरोपी दोषी असल्याचे गृहीत धरण्याची तरतूद आहे. तथापि मूळ घटना सरकार पक्षाला आधी दाखवावीच लागते, असे उच्च न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे.

हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक समजू नये. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेलाही माणूसच आहे. मूल पढवले जाऊ शकते, हे न्यायालये विसरलेली नाहीत. म्हणून ते मोठ्यांची भाषा बोलते का, त्याची हकीकत इतर परिस्थितीशी जुळते का, हे ती तपासतात. पण तारीख-वेळ चुकली, अंगावर जखम आढळली नाही किंवा तक्रारीला उशीर झाला, एवढ्यावरून मूल खोटे ठरत नाही. संशय घेणे म्हणजे चौकशी करणे. अविश्वास म्हणजे चौकशीआधीच निकाल देणे. दोनअडीचशे वर्षांत न्यायासन हा भेद हळूहळू शिकले.

आता आपल्या घराकडे वळू. रेडिंगला काय, राजस्थानात काय, मूल पहिल्याने आईशीच बोलले. तेव्हा आपले मूल काही सांगू लागले तर दटावू नये, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, तेच ते पुन्हा पुन्हा विचारू नये. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि पोलिसांना कळवावे; कळवणे हे कायद्यानेही आपल्यावर बंधन आहे. न्यायाधीशाला पुढे जे तोलावयाचे असते, ते आधी आपल्या हाती येते.