रुपयामागे एक आणा

सरकारनं शाळेवर जास्त पैसा घातला की मुलं जास्त शिकतात का? अर्थसंकल्पाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास निघतो. एक म्हणतो, पगार वाढले, पण पोराला भागाकार येत नाही. दुसरा म्हणतो, वर्गाला धड छप्पर नाही, भागाकार येणार कुठून? दोघांनाही हा वाद आजचा वाटतो. पण आपल्या मुलखात तो दीडशे वर्षांपासून चालू आहे.

मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात शेतसाऱ्यावर लोकल फंडाची पट्टी बसली. साऱ्याच्या रुपयामागे एक आणा. १८६९ साली तिला कायद्याचा आधार मिळाला. या पट्टीचा तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. आण्याच्या बारा पै, त्यातल्या चार शाळेच्या. ज्वारी पिको न पिको, शेतकऱ्यानं आणा भरायचाच. मग त्याच्या गावात शाळा होती का?

हाच प्रश्न जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढे ठेवला. इलाख्यातली दहापैकी जवळजवळ नऊ गावं, म्हणजे सुमारे १० लाख मुलं, प्राथमिक शिक्षणाच्या सोयीवाचून आहेत, असं त्यांनी लिहून दिलं. पैसा रयतेच्या घामाचा आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला, हे त्यांचं गाऱ्हाणं होतं. पण ते गाऱ्हाण्यावर थांबले नाहीत. लोकल फंडाचा निम्मा भाग फक्त प्राथमिक शिक्षणाला द्या, असं त्यांनी मागितलं. मास्तराला १२ रुपयांहून कमी पगार नको, मोठ्या गावात १५ ते २० द्या, असंही सांगितलं.

त्या निवेदनातला आणखी एक मुद्दा फारसा कुणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये १८६२पासून ‘निकाल पाहून अनुदान’ ही रीत सुरू झाली होती. तपासनीस यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा आणि पास होणाऱ्या डोक्यांवर शाळेचा पैसा ठरायचा. ती रीत आपल्याकडेही आली. फुल्यांनी साफ सांगितलं, की गरीब, अडाणी रयतेला ती उपयोगाची नाही. ज्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथं निकालाच्या भरवशावर कोणता मास्तर शाळा काढील? आधी शाळा द्या, मग निकाल मागा. इंग्लंडलाही अनुभवानं तेच कळलं. पैशासाठी मास्तर पाठांतर घोटून घेऊ लागले. १८९०च्या दशकात त्यांनी ती रीत मोडीत काढली.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. पण दंडाआधी फी माफ केली आणि शाळा काढायची जबाबदारी दरबारानं घेतली, हे विसरू नये.

मग पैशानं शिक्षण वाढतं का? अमेरिकेत १९६६ साली कोलमन यांच्या अहवालानं सांगितलं, शाळेच्या खर्चापेक्षा घरची परिस्थिती मोठी. पुढं २०१६ साली तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात दिसलं, की बाराही वर्षं दर मुलामागे दहा टक्के जास्त खर्च झाला, तेव्हा गरिबाघरची मुलं सुमारे अर्धं वर्ष जास्त शिकली. तेव्हा आपल्या शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशातल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. शाळांना वह्या-पुस्तकांसाठी अनुदान अचानक मिळालं, त्या वर्षी मुलांचे गुण वाढले. दुसऱ्या वर्षी ते मिळणार हे ठाऊक होतं. आई-बापांनी आपला खर्च तेवढा कमी केला आणि गुण वाढले नाहीत. यात आई-बापांचा दोष काय? गरिबाच्या घरात वाचलेला रुपया पिठाच्या डब्यात जातो. यातून एवढंच कळतं, की पैसा किती दिला याइतकंच तो कशावर दिला, हेही महत्त्वाचं.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. ते २००९ साली रुजू झाले तेव्हा त्या पडक्या शाळेच्या शेजारी गोठा होता. वेळापुरात आम्हालाही त्यांचा अभिमान वाटला. पण एका गुणी मास्तराकडं बोट दाखवून बाकीच्या शाळांना ‘तुम्हीही असंच करा’ म्हणणं, ही निकाल पाहून अनुदान देण्याचीच धाकटी बहीण आहे. गुणी माणूस गोठ्याशेजारीही शिकवतो, म्हणून शाळा गोठ्याशेजारी ठेवायची नसते.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं गावाच्या हाती एक साधन दिलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात. शाळेला आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहणं हे तिचं काम आहे. शाळा मराठी असो की उर्दू, तिथं बसून ‘किती आले, कशावर गेले आणि पोरांना काय आलं’ हे तीन प्रश्न एकत्र विचारायचे. आणा भरणाऱ्या शेतकऱ्याला हे विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)