ईडनवरचं नवं वर्ष

३१ डिसेंबर १९८७ रोजी ईडन गार्डन्सवर भारत आणि वेस्ट इंडिज यांच्यातली कसोटी अनिर्णित संपली. दिलीप वेंगसरकर आपला कर्णधार होता. त्या सामन्यात १०२ धावांवर असताना हाताला चेंडू लागला आणि तो जखमी होऊन परतला; मद्रासची पुढची कसोटी रवी शास्त्रीला कर्णधार म्हणून खेळावी लागली. ईडनवर त्यानंतर कसोट्या पुष्कळ झाल्या, त्यांतल्या काही जगभर गाजल्याही. पण जुनं वर्ष सरताना किंवा नवं लागताना एकही झाली नाही.

क्रिकेट कसं बदललं हा विषय निघाला की लोक २००८ पासून, म्हणजे आयपीएलपासून सुरुवात करतात. माझं सगळं आयुष्य कोलकात्यात गेलं. बाबा विमा कंपनीतल्या नोकरीसाठी साताऱ्याहून इथे आले आणि इथलेच झाले. ईडनच्या लाकडी बाकांवर मी लहानाची मोठी झाले, म्हणून ठामपणे सांगते: आपल्याकडे क्रिकेटने कूस बदलली ती १९८७ मध्ये, आणि बदलली ती याच मैदानावर.

त्याआधी काय होतं ते सांगितल्याशिवाय हे पटायचं नाही.

कलकत्ता क्रिकेट क्लब १७९२ चा, ईडनचं मैदान १८६४ चं. पण कसोटी इथे आली ती ५ जानेवारी १९३४ ला. समोर डग्लस जार्डिनचा इंग्लंड संघ आणि आपले कर्णधार सी. के. नायडू, जन्माने नागपूरकर. दिलावर हुसेनच्या डोक्याला चेंडू लागला. तो पट्टी बांधून परत आला आणि दोन्ही डावांत अर्धशतकं करून गेला. सामना अनिर्णित राहिला. तारीख मात्र शहराला आवडली. डिसेंबरअखेर कोलकात्याची हवा बदलते, घाम थांबतो, हुगळीवरून गार वारा येतो, दार्जिलिंगची संत्री बाजारात येतात, नोलेन गुळाचे संदेश दुकानांत दिसू लागतात. नाताळची रोषणाई असतेच. त्या दिवसांत कसोटी हवी, हे पुढे गृहीतच धरलं गेलं.

एव्हर्टन वीक्सने सलग पाच कसोटी शतकांचा विक्रम पुरा केला तो १९४८ सरून १९४९ लागताना, इथेच, १६२ आणि १०१ करून. कोल्हापूरच्या दत्तू फडकरने इंग्लंडविरुद्ध ११५ केल्या त्या १९५१-५२ च्या नववर्षाच्या कसोटीत. फडकर पुढे बंगालकडून रणजीही खेळला. बाबा त्याला ‘आपला फडकर’ म्हणत आणि शेजारचे घोषकाकाही ‘आमादेर फडकर’च म्हणत. त्यावर दोघांचा वाद कधी झाला नाही. १९५८-५९ मध्ये रोहन कन्हायने २५६ करून आपल्याला एक डाव ३३६ धावांनी हरवण्यात मोठा वाटा उचलला. १९६१-६२ ला नरी काँट्रॅक्टरच्या संघाने इंग्लंडला हरवलं, त्यात पुण्याच्या चंदू बोर्डेच्या ६८ आणि ६१ च्या खेळी होत्या. १९७२-७३ ला अजित वाडेकरच्या संघाने पुन्हा इंग्लंडला २८ धावांनी नमवलं. हे सगळे सामने ३० किंवा ३१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीत संपलेले. शंकरीप्रसाद बसूंनी ईडनच्या क्रिकेटवर लिहिलेल्या पुस्तकाचं नावही ‘इडेने शीतेर दुपुर’ असं, हिवाळ्यातल्या दुपारीवरून ठेवलेलं.

या प्रथेला काळी बाजूही होती आणि ती झाकायची गरज नाही. १ जानेवारी १९६७ ला बसायच्या जागांहून जास्त लोक आत आले, सीमारेषेजवळ येऊन बसले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला आणि लोकांनी स्टँड पेटवले. वेस्ट इंडिजच्या खेळाडूंना जीव मुठीत धरून बाहेर पडावं लागलं. १९६९ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीच्या वेळी तिकिटांसाठीच्या चेंगराचेंगरीत सहा माणसं गेली. तरीही पुढच्या कसोटीला रांगा लागल्याच.

माझ्या मनात सगळ्यांत ठसलेली कसोटी १९७८-७९ ची. २९ डिसेंबर ते ३ जानेवारी, मधे एक विश्रांतीचा दिवस. आजच्या मुलांना कसोटीत विश्रांतीचा दिवस असे हे सांगितलं की खरं वाटत नाही. आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देई. घोषकाकी लुची आणि आलूर दम आणत, डबे या बाकावरून त्या बाकावर फिरत. बायका लोकर आणि सुया घेऊन येत. चेंडू पडायच्या वेळेला सुया थांबत, मग पुन्हा चालू. कानाला ट्रान्झिस्टर, त्यावर अजय बसूंचं बंगाली समालोचन. बाबांना पुणे केंद्रावरच्या बाळ ज. पंडितांची आठवण येई, पण बसूंचा एक शब्दही ते सोडत नसत.

सुनील गावसकरने पहिल्या डावात १०७ केल्या. दुसऱ्या डावात तो आणि वेंगसरकर जमले ते जमलेच. १८२ नाबाद आणि १५७ नाबाद, ३४४ धावांची अभंग भागी. मुंबईच्या दोन पोरांना सबंध बंगाल टाळ्या वाजवत होता, आणि आमच्या रांगेत बसलेल्या एका मराठी कुटुंबाला लोक उगाचच संत्री सोलून देत होते, जणू त्या धावा आम्हीच काढल्या होत्या. शेवटच्या दिवशी वेस्ट इंडिजचे नऊ गडी बाद झाले. एकच उरला होता. आणि उजेड गेला. जानेवारीच्या सुरुवातीला कोलकात्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. धुकं आणि चुलींचा धूर मिळून त्याच्याही आधी अंधारतं. सामना वाचला. आम्ही हळहळत निघालो, पण पाच दिवस फुकट गेले असं एकाच्याही तोंडून ऐकलं नाही.

त्या वेस्ट इंडिज संघात क्लाइव्ह लॉइड, व्हिव्ह रिचर्ड्स, होल्डिंग, रॉबर्ट्स नव्हते. कर्णधार होता कालिचरण. ते सगळे ऑस्ट्रेलियात केरी पॅकरच्या पदरी होते, दिव्यांच्या उजेडात पांढऱ्या चेंडूने, रंगीत कपड्यांत खेळत. म्हणजे आम्ही ज्या कसोटीत रमलो होतो, तिच्यात एका संघाची जागा नव्या क्रिकेटने आधीच रिकामी केली होती. बाबांना हे कळत होतं. मला तेव्हा कळलं नाही.

एकदिवसीय क्रिकेटचा जन्मही नववर्षाच्याच कसोटीतून झालेला. मेलबर्नची कसोटी पावसात वाहून गेली आणि ५ जानेवारी १९७१ ला लोकांसाठी म्हणून चाळीस षटकांचा सामना भरवला, तो पहिला. भारताने पहिला एकदिवसीय सामना १९७४ मध्ये लीड्सला खेळला, वाडेकरच्याच नेतृत्वाखाली. पण ईडनने त्यानंतरही कितीतरी वर्षं हा प्रकार आपल्या दारात येऊ दिला नाही. १९८२ च्या जानेवारीतली इंग्लंडविरुद्धची कसोटी संथ, कंटाळवाणी आणि अनिर्णित होती. ती पाहायला पाच दिवसांत मिळून सुमारे ३ लाख ९४ हजार लोक आले. तोवरचा जागतिक विक्रम होता तो. कसोटीला लोक येत नाहीत असं जो म्हणतो त्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

मग बिनसलं. ३१ डिसेंबर १९८४ ला सुरू झालेल्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत कपिल देवला वगळलं होतं. गावसकर कर्णधार. अझरुद्दीनने पहिल्याच कसोटीत शतक केलं, पण डाव चौथ्या दिवसापर्यंत चालला आणि लोक खवळले. ज्या हातांनी १९७९ मध्ये संत्री सोलून दिली होती, त्याच हातांनी ती मैदानात भिरकावली. मला ते पाहवलं नाही. इथे पुन्हा खेळायचं नाही असं गावसकरने मनाशी ठरवलं, आणि १९८७ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानविरुद्धच्या ईडन कसोटीतून तो बाहेर राहिला. सलग १०६ कसोट्यांची त्याची मालिका तिथे खंडित झाली.

ती कसोटी १६ फेब्रुवारीला संपली आणि १८ फेब्रुवारीला ईडनवर पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. श्रीकांतने शतक केलं. सलीम मलिकने ३६ चेंडूंत ७२ धावा करून हातातला सामना ओढून नेला. लोक हरून घरी गेले, पण भारल्यासारखे. ८ नोव्हेंबर १९८७ ला विश्वचषकाची अंतिम लढत इथे झाली, इंग्लंडबाहेरची पहिली. ती इथे आणण्यात आपल्या नागपूरचे एन. के. पी. साळवे आघाडीवर होते. १९८३ च्या अंतिम सामन्याला लॉर्ड्सवर जादा पासेस नाकारले गेले, तो अपमान त्यांच्या जिव्हारी लागला आणि त्यातून त्यांनी विश्वचषकच उचलून आणला. आपल्याकडे दिवस लहान, म्हणून साठ षटकांची पन्नास झाली, आणि जगाने मग तीच कायम ठेवली. गॅटिंगचा उलटा स्वीप चुकला, बॉर्डरचा ऑस्ट्रेलिया सात धावांनी जिंकला. भारत अंतिम फेरीत नसतानाही मैदान भरलेलं होतं. त्यानंतर सातव्या आठवड्यात ती वर्षअखेरची कसोटी, आणि प्रथा संपली. ती बंद केल्याचा ठराव कुणी केला नाही. दौऱ्यांचं वेळापत्रक आता दुसऱ्याच हिशेबाने आखलं जाऊ लागलं होतं, एवढंच.

तो हिशेब कोणता, हेही ईडनवरच ठरलं. १० नोव्हेंबर १९९१ ला दक्षिण आफ्रिका जवळजवळ बावीस वर्षांचा बहिष्कार संपवून परतली ती इथे. डोनाल्डच्या आगीसमोर सचिन तेंडुलकर ६२ आणि पदार्पण करणारा प्रवीण आमरे ५५, दोघंही आचरेकर सरांचे शिष्य. दोन वर्षांनी हीरो कपचा उपांत्य सामना दिव्यांच्या उजेडात झाला. शेवटचं षटक, सहा धावा हव्यात, चेंडू सचिनच्या हातात, आणि त्याने तीनच दिल्या. ते षटक सगळ्यांना आठवतं. त्याच स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार न्यायालयात उभे होते, ते मात्र फारसं कुणाला आठवत नाही. संघटनेने चित्रणाचे हक्क ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला दिले होते आणि दूरदर्शनला ते मान्य नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते, निवृत्तीनंतर पुण्यात राहून सार्वजनिक कामात उतरलेले आपले सावंतच. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही, असं न्यायालयाने सांगितलं. लोकशाहीच्या दृष्टीने तो मोठा निकाल आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्या दारातून क्रिकेटमध्ये बाजारही आला. संध्याकाळच्या चार-सहा तासांत बसणारा खेळ विकायला सोपा. पाच दिवस चालून अनिर्णित राहणारा खेळ अवघड. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, त्याचा पाया हीरो कपच्या खटल्यात आहे.

२००१ च्या मार्चमधली कसोटी सगळ्यांना पाठ आहे. फॉलोऑननंतर लक्ष्मणच्या २८१ आणि द्रविडच्या १८०, चौथा दिवस एकही गडी न गमावता. एवढंच म्हणते की तो दिवस वीस षटकांत मावला नसता. मावायची गरजही नव्हती.

टी-ट्वेंटीवर माझा राग नाही. ३ एप्रिल २०१६ ला दुपारी वेस्ट इंडिजच्या मुलींनी ईडनवर विश्वचषक जिंकला आणि रात्री ब्रेथवेटने स्टोक्सला लागोपाठ चार षटकार मारून पुरुषांचा. एकाच मैदानावर, एकाच दिवशी. माझ्या लहानपणी बाईने ईडनवर यायचं ते विणकाम घेऊन. त्या दिवशी बायका मैदानाच्या मध्यावर चषक उंचावत होत्या. हा बदल मी कशाच्याही बदल्यात परत देणार नाही.

पण कसोटीची आबाळ झाली हेही खरं. २०१९ च्या नोव्हेंबरात गुलाबी चेंडूची भारतातली पहिली कसोटी इथे झाली. विदर्भाच्या उमेश यादवने दुसऱ्या डावात पाच गडी घेतले आणि सामना तिसऱ्या दिवशी तासाभरात आटोपला. त्यानंतर सहा वर्षं ईडनला कसोटी मिळाली नाही. मिळाली ती २०२५ च्या नोव्हेंबरात, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. १२४ धावांचा पाठलाग करताना आपण ९३ त बाद झालो, तेही तिसऱ्याच दिवशी. ज्यांनी पाच दिवसांची तिकिटं काढली होती त्यांना खेळ तीनच दिवस मिळाला. फिरकीसाठी खेळपट्टी अशी भुसभुशीत करून ठेवायची आणि मग कसोटी कुणाला नको म्हणायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

मेलबर्नने २६ डिसेंबरची कसोटी सोडलेली नाही. सिडनीने नववर्षाची सोडलेली नाही. त्यांच्याकडेही वीस षटकांची लीग आहेच, तिचे सामने त्याच दिवसांत होतात. विराट कोहलीने २०१९ मध्ये कसोटीसाठी देशात पाच ठरावीक केंद्रं असावीत असं सुचवलं होतं. मला केंद्रांबरोबर तारखाही हव्यात. अंधाराची सबब आता नाही, दिवे आहेत. भारतीय संघ दर डिसेंबरात घरी नसतो हे मान्य. पण ज्या हिवाळ्यात असेल, त्या हिवाळ्यात ३१ डिसेंबरची कसोटी ईडनला द्या, पाच दिवस टिकेल अशी खेळपट्टी करा, आणि शाळकरी मुलांना पाचही दिवस येता येईल इतकं तिकीट स्वस्त ठेवा. नियामक मंडळाला आणि बंगाल क्रिकेट संघटनेला माझं एवढंच मागणं आहे.