गिअर बदलतानाचा तो क्षण

२६ मार्च १९८९, रिओ द जानेरो. नायजेल मॅन्सेल याने फेरारी ६४० मधून ब्राझिलियन ग्रां प्री जिंकली. ही गाडी शर्यत पुरी करील, असे खुद्द त्यालाही वाटत नव्हते. जॉन बर्नार्ड यांनी रचलेल्या या गाडीत गिअरचा दांडाच नव्हता. चालकाने स्टीअरिंगमागचे पॅडल ओढावे, क्लच व गिअर हायड्रॉलिक यंत्रणेने हलवावेत.

अनेक जण याला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. ते चूक आहे. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच होता. केवळ हातापायांचे काम यंत्राकडे गेले. म्हणूनच क्लच सुटला की क्षणभर चाकांना शक्ती मिळत नाही. शर्यतीत हा खंड नगण्य. पण १९९७ मध्ये ३५५ एफ१ मधून हे तंत्र रस्त्यावर आले, तेव्हा संथ रहदारीतले हिसके लपेनात.

ऑटोमॅटिकचे कुळ निराळे, १९४० च्या ओल्डस्मोबाइलपर्यंत जाणारे. तेथे इंजिनाची शक्ती द्रवातून पुढे जाते आणि एक गिअर सुटता सुटता दुसरा भार पेलू लागतो. द्रवात शक्ती वाया जाई, म्हणून शौकिनांनी त्याला आळशी ठरवले. पुढे टॉर्क कन्व्हर्टर लॉक होऊ लागला आणि हा आक्षेप बराचसा गळाला.

बीएमडब्ल्यू एम५ चा प्रवास पाहा. २००५ मध्ये ऑटोमेटेड मॅन्युअल, २०११ मध्ये ड्युअल क्लच आणि २०१७ मध्ये चक्क टॉर्क कन्व्हर्टरवाला आठ गिअरांचा ऑटोमॅटिक. शून्य ते शंभरचा कंपनीने दिलेला वेळ ४.७ सेकंदांवरून ३.४ वर आला. (टर्बो आणि चारही चाकांना मिळणारी शक्ती यांचा त्यात मोठा वाटा, हे मान्य.)