मतपेटी आणि रुग्णशय्या

लोकसेवा करूं इच्छिणाऱ्या मनुष्यानें निवडणुकीच्या रणधुमाळींत उतरावें कीं नाहीं, हा प्रश्न सुशिक्षित कुटुंबांत वारंवार निघतो, आणि त्याचें उत्तर बहुधा नकारार्थीच दिलें जातें. धर्मार्थ दवाखाना काढावा, अनाथांसाठीं वर्गणी जमवावी. पण मतांसाठीं दारोदार हिंडूं नये, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी, हें पारखून पाहण्यास कॅनडांतील सॅस्कॅचेवान प्रांताचा इतिहास फार उपयोगी पडेल.

हा प्रांत गव्हाचा. दूर दूर पसरलेलीं शेतें, विरळ वस्ती आणि कडाक्याचा हिवाळा. अशा ठिकाणीं डॉक्टर स्थायिक होईना. कारण पीक बुडालें कीं त्याची फीही बुडे. यावर तेथील शेतकऱ्यांनीं स्वतःच तोड काढली. १९१४ सालीं सार्निया नांवाच्या ग्रामीण नगरपालिकेनें करांच्या उत्पन्नांतून डॉक्टरास वार्षिक रक्कम देण्याचें ठरविलें, आणि १९१६ सालीं या प्रथेस कायद्याचा आधार मिळाला. पुढें १९२९ सालीं क्षयरोग्यांवर विनामूल्य उपचार करण्याची व्यवस्था झाली. तात्पर्य, पुढील मोठ्या इमारतीचा पाया या अप्रसिद्ध ग्रामस्थांनीं घातला होता, हें प्रथमच सांगितलें पाहिजे.

या इमारतीचे प्रमुख शिल्पकार टॉमी डग्लस यांचा जन्म १९०४ सालीं स्कॉटलंडांतील फॉलकर्क येथें झाला. त्यांचें कुटुंब कॅनडांत विनिपेग येथें येऊन राहिलें. लहानपणींच्या दुखापतीनंतर त्यांच्या पायाच्या हाडास विकार जडला, आणि पाय कापावा लागणार असें दिसूं लागलें. आईबाप गरीब; निष्णात शस्त्रवैद्याची फी त्यांच्या आवाक्याबाहेरची. इतक्यांत एका शस्त्रवैद्यानें, विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठीं हा रोगी उपयोगी पडेल म्हणून, फुकट शस्त्रक्रिया केली व पाय वांचला. मुलाचा पाय राहावा कीं जावा हें अशा योगायोगावर अवलंबून असावें, ही गोष्ट डग्लस कधीं विसरले नाहींत.

१९३० सालीं ते वेबर्न गांवीं बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. पुढील कांहीं वर्षें अवर्षणाचीं आणि मंदीचीं होतीं. गव्हाचा भाव कोसळला, शेतांतील माती वाऱ्यावर उडून गेली. प्रवचनानें धीर देतां येतो, दवाखान्याचें देणें भागवितां येत नाहीं, हें त्यांस उमगलें. १९३४ सालीं त्यांनीं प्रांतिक कायदेमंडळाची निवडणूक लढविली व ते पडले. दुसऱ्याच वर्षीं ते मध्यवर्ती लोकसभेवर निवडून आले. तेथें नऊ वर्षें काढल्यावर, राजधानींतील प्रतिष्ठेची जागा सोडून, १९४४ सालीं ते पुन्हा प्रांताच्या निवडणुकींत उतरले. यांत मोठें मर्म आहे. कॅनडाच्या १८६७ च्या राज्यघटनेप्रमाणें रुग्णालयांचा कारभार प्रांतांकडे असतो; तेव्हां ज्यास दवाखाने सुधारावयाचे, त्यानें जेथें ती किल्ली आहे तेथेंच जावयास हवें. त्यांच्या पक्षास ५२ पैकीं ४७ जागा मिळाल्या. डग्लस मुख्यमंत्री झाले आणि आरोग्यखातेंही त्यांनीं स्वतःकडे ठेवलें.

मात्र अधिकार हातीं येतांच त्यांनीं सर्व कांहीं एकदम केलें नाहीं. प्रथम वैद्यकीय इतिहासकार हेन्री सिगेरिस्ट यांजकडून प्रांताची पाहणी करविली. १९४५ सालीं निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांस मोफत उपचार मिळूं लागले. १९४६ सालीं स्विफ्ट करंट विभागांत सर्वांगीण वैद्यकीय मदतीचा प्रयोग झाला. १ जानेवारी १९४७ पासून रुग्णालय विमा योजना सुरू झाली. वार्षिक वर्गणी माणशीं ५ डॉलर, कुटुंबामागें अधिकांत अधिक ३० डॉलर. डॉक्टरांच्या फीचा प्रश्न मात्र त्यांनीं १९५९ अखेरपर्यंत हातीं घेतला नाहीं. आधीं तिजोरी सांवरावी, मग वचन द्यावें, अशी त्यांची रीत होती.

खरी कसोटी पुढेंच लागली. १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर झाली व डग्लस जिंकले; कायदा १९६१ सालीं मंजूर झाला. सरकारचा हात रोगी आणि वैद्य यांच्यामध्यें येईल, हें डॉक्टरांचें भय अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. १ जुलै १९६२ रोजीं योजना सुरू होतांच, तातडीच्या रोग्यांची कांहीं रुग्णालयांत सोय ठेवून, त्यांनीं काम बंद केलें. तेवीस दिवसांनीं सॅस्कटून येथें तडजोड झाली: योजना राहिली, आणि डॉक्टर पगारी नोकर न होतां स्वतंत्र राहिले.

या विजयाची किंमत कोणीं दिली? डग्लस तोंवर राष्ट्रीय राजकारणांत गेले होते. जून १९६२ मध्यें रेजायना येथें त्यांचा पराभव झाला. संप अंगावर झेलणारे त्यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड यांचें सरकार १९६४ सालीं पडलें. परंतु सत्तेवर आलेल्या विरोधी पक्षानें ती योजना मोडली नाहीं. १९६६ सालीं मध्यवर्ती कायदा झाला, आणि १९७२ पर्यंत कॅनडाच्या सर्व प्रांतांनीं ती स्वीकारली. माणसें पडलीं, काम उभें राहिलें.

आपला या कथेशीं अगदींच संबंध नाहीं असें नव्हे. तेच सिगेरिस्ट १९४४ च्या अखेरीस भोर समितीच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानांत आले होते. त्या समितीचा अहवाल १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणी उपचारांवांचून राहूं नये, हें तत्त्व त्यांतही आहे. आपल्या राज्यघटनेनेंही सार्वजनिक आरोग्य व रुग्णालयें राज्यांच्याच सूचींत घातलीं आहेत. म्हणजे किल्ली येथेंही विधानसभेच्याच दारीं आहे. तेथें जाणाऱ्या प्रत्येकास डग्लस होतां येईल असें नाहीं; पण सज्जनांनीं त्या दाराकडे पाठ फिरवावी, आणि मग दवाखान्यांत खाट नाहीं म्हणून हळहळावें, हें मात्र न्यायाचें नव्हे.