घशाच्या कर्करोगातील रेणवीय दर्शके व रक्तवाहिन्यांची नवनिर्मिती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

गाठीतून काढलेला ऊतीचा लहानसा तुकडा त्या गाठीविषयी कितपत सत्य सांगू शकतो, हा कर्करोगविज्ञानातील एक मूलभूत प्रश्न होय. घशाच्या कर्करोगाच्या संदर्भात तो १८८७ मध्ये साऱ्या युरोपसमोर उभा राहिला. जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांच्या स्वरयंत्रात गाठ आढळली होती. जर्मन वैद्यांना कर्करोगाचा संशय होता व शस्त्रक्रियेची तयारीही झाली होती; परंतु लंडनहून आलेल्या मोरेल मॅकेन्झी यांनी काढलेल्या तुकड्यांत रुडॉल्फ फिर्खो यांना कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली. पुढे फ्रेडरिक सम्राट झाले आणि अवघ्या ९९ दिवसांच्या कारकिर्दीनंतर १५ जून १८८८ रोजी त्याच आजाराने मरण पावले. पेशीच्या दृश्य रूपावर विसंबण्याच्या मर्यादा या घटनेने अधोरेखित केल्या. त्यानंतरच्या शतकात हा शोध पेशीकडून रेणूकडे कसा वळला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पेशीकडून रेणूकडे

१९७९ मध्ये पी-५३ या प्रथिनाचा शोध लागला. आरंभी ते कर्करोगास पोषक मानले गेले. १९८९ च्या सुमारास ते वस्तुतः कर्करोगास रोखणारे असल्याचे स्पष्ट झाले. तंबाखूशी निगडित घशाच्या कर्करोगात या प्रथिनाच्या जनुकातील बिघाड वारंवार आढळतो. याच काळात पेशींच्या वाढीस चालना देणाऱ्या घटकांचा अभ्यास पुढे गेला व त्यासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंटालचिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोहेन यांनी शोधलेल्या घटकाचा ग्राही, म्हणजे ईजीएफआर, डोके व मानेच्या बहुसंख्य कर्करोगांत अधिक प्रमाणात आढळतो. त्यावर बेतलेले सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड किरणोपचाराबरोबर दिल्यास मध्यक आयुर्मान २९.३ महिन्यांवरून ४९ महिन्यांपर्यंत वाढते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. मात्र ग्राहीच्या मोजमापावरून कोणत्या रुग्णास औषध लागू पडेल, हे खात्रीने सांगता आले नाही.

रक्तवाहिन्यांचा सिद्धान्त

दुसरा प्रवाह शल्यचिकित्सेतून आला. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या आरंभी काम करताना जुडा फोकमन यांना असे आढळले की, शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या अवयवात रोवलेल्या गाठी एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढत नाहीत. त्यांना नव्या रक्तवाहिन्या मिळत नव्हत्या. गाठ स्वतःच रक्तवाहिन्यांना आपल्याकडे बोलावते व हे आवाहन रोखल्यास तिची वाढ थांबेल, असा सिद्धान्त त्यांनी १९७१ मध्ये मांडला. त्याकडे दीर्घकाळ साशंकतेने पाहिले गेले. १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर व हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी गाठीतून स्रवणारे, वाहिन्यांची पार्यता वाढवणारे प्रथिन वर्णिले. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी वेगळे केलेला व्हीईजीएफ हा घटक तोच असल्याचे निष्पन्न झाले. त्याला रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅब या प्रतिपिंडास २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

दरम्यान १९९१ मध्ये नोएल वाइडनर व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगातील सूक्ष्मवाहिन्यांची घनता मोजून तिचा रोगप्रसाराशी संबंध दाखवला. हीच पद्धत स्वरयंत्र व ग्रसनीच्या गाठींना लावण्यात आली. पण निष्कर्ष परस्परविरोधी निघाले. अभिरंजनासाठी निवडलेली प्रथिने भिन्न होती, मोजणीसाठी निवडलेला भाग निरीक्षकाच्या नजरेवर अवलंबून होता आणि तोंड, ग्रसनी व स्वरयंत्र यांचे भिन्न स्वभावाचे कर्करोग अनेकदा एकाच गटात मोजले गेले. फिर्खो यांच्यासमोरील अडचण नव्या रूपात परतली होती.

चाचण्यांचा कौल

पुन्हा उद्भवलेल्या वा पसरलेल्या डोके-मानेच्या कर्करोगात रसायनोपचारास बेव्हासिझुमॅबची जोड देणाऱ्या, ४०३ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. गाठी आकसण्याचे प्रमाण वाढले. परंतु मध्यक आयुर्मान ११ महिन्यांवरून १२.६ महिन्यांपर्यंतच गेले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही आणि गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. याउलट निर्णायक ठरलेले दर्शक विषाणूशी संबंधित होते. घशाच्या मधल्या भागातील, एचपीव्ही विषाणूजन्य कर्करोगाच्या रुग्णांचे तीन वर्षांचे जीवितप्रमाण ८२.४ टक्के, तर इतरांचे ५७.१ टक्के असल्याचे २०१० मध्ये दिसले. पुढे पी-१६ या प्रथिनाच्या आधारे या रोगाच्या टप्प्यांचे स्वतंत्र वर्गीकरण करण्यात आले.

फोकमन यांचे २००८ मध्ये निधन झाले; त्यांच्या विचाराचा एक धागा मात्र मुंबईपर्यंत पोहोचला. रसायनोपचाराच्या अल्प पण सततच्या मात्रा गाठीच्या रक्तवाहिन्यांवर परिणाम करतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेने २००० मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. टाटा स्मारक रुग्णालयातील ४२२ रुग्णांच्या चाचणीत तोंडावाटे घ्यावयाच्या मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त औषधांनी मध्यक आयुर्मान ७.५ महिने, तर शिरेवाटे दिलेल्या सिस्प्लॅटिनने ६.१ महिने मिळाल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. या यशामागे रक्तवाहिन्यांवरील परिणामाचा वाटा किती, हे या आकड्यांवरून ठरत नाही. परंतु वारंवार रुग्णालयात येणे न परवडणाऱ्या रुग्णासाठी या निष्कर्षाचे मोल मोठे आहे.

निष्कर्ष

या इतिहासावरून असे म्हणता येईल की, रोगाचे वर्णन करणारे दर्शक आणि उपचार ठरवणारे दर्शक या दोन भिन्न गोष्टी होत. सूक्ष्मवाहिन्यांच्या मोजणीने गाठीच्या जीवशास्त्राचे ज्ञान वाढवले, तरी रुग्णाविषयीचा निर्णय बदलण्याचे सामर्थ्य तिला लाभले नाही. दर्शकाची अंतिम कसोटी प्रयोगशाळेत नसून रुग्णशय्येपाशी लागते.